शेवटी मास्तरकीच ना?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे गुडघा, पाहुणे, मोतीबिंदूची तपासणी असं काही ना काही चालूच होतं. आज बसले आहे ती रागाने. राग ताजा असताना लिहू नये म्हणतात, म्हणून तीन आठवडे थांबले. उतरला नाही. मुरला मात्र चांगला, कैरीच्या लोणच्यासारखा.

झालं असं. मे महिन्यात आमच्याकडे एक मुंज होती. दुपारची पंगत उठलेली, पंखे फिरताहेत, सतरंजीवर सगळे पसरलेले, आणि नेहमीप्रमाणे कोणाचं पोरगं कुठे याची हजेरी चालली होती. माझ्या अमेरिकेतल्या नातवाचा विषय निघाला. तो दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, यंदा त्याची शाळा संपली. सहा फूट एक इंच उंच आहे (हे कुठून आलं देव जाणे, आमचे हे साडेपाच फुटांचे होते) आणि बास्केटबॉल खेळतो. ऑगस्टपासून तो तिथल्या कम्युनिटी कॉलेजात जाणार आहे. मी कौतुकाने सांगितलं की त्याचे कोच स्वतः पूर्वी परदेशात पैसे घेऊन खेळलेले, म्हणजे व्यावसायिक खेळाडू होते.

माझा एक भाचा आहे. मोठ्या हुद्द्यावर आहे, हुशार आहे, माझ्यावर त्याचा जीव आहे. तो लोडाला टेकून म्हणाला, "अगं मावशी, कम्युनिटी कॉलेज म्हणजे जिथे कुठेच मिळत नाही त्यांच्यासाठी. आणि तो कोच, बिचारा... प्रोफेशनल खेळून शेवटी काय, मास्तरकीच ना?"

सगळे हसले. मीही हसले. तेहतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईने हसायचं नाही तर काय करायचं?

आता भाच्या, हे तुझ्यासाठीच लिहिते आहे. तू वाचतोस हे मला ठाऊक आहे, कारण चुका काढायला बरोबर फोन करतोस.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावी. मुलाने पहिल्यांदा फोनवर ज्युनियर कॉलेज म्हटलं तेव्हा मलाही वाटलं, नातू पुन्हा अकरावीला कशाला बसतोय? तिथे बारावीनंतरची दोन वर्षं म्हणजे ज्युनियर कॉलेज. आता त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. ती दोन वर्षं नीट केली तर चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. कॅलिफोर्नियात अशी सरकारी कॉलेजं शंभराच्या वर आहेत. १९६० साली त्या राज्याने उच्च शिक्षणाचा आराखडा केला. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट कॉलेजं, आणि बाकी ज्याला ज्याला शिकायचं आहे त्या सगळ्यांना ही दोन वर्षांची कॉलेजं. दार उघडं. तिथल्या रहिवाशांना १९८४ सालापर्यंत फीच नव्हती. आता एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे पंधरा युनिटांच्या पूर्ण सत्राचे ६९० डॉलर. युनिव्हर्सिटीच्या फीपुढे ही चिल्लरच म्हणायची. "जिथे कुठेच मिळत नाही त्यांच्यासाठी" हे तुझं वाक्य तसं बरोबरच आहे रे. ते त्यांच्यासाठीच काढलंय. फक्त तू ते शिवीसारखं म्हणालास आणि त्यांनी ते कायद्यात लिहून ठेवलंय.

आता कोच.

मुंजीहून घरी आल्यावर मी नातवाला विचारलं, अशा लहान कॉलेजात जाऊन शिकवणारा कोणी मोठा खेळाडू झालाय का रे? तो म्हणाला, "आजी, वॉल्ट हॅझर्ड वाच." मग वाचलं. मुलाने पाठवलेलं, सुनेने छापून दिलेलं, इंटरनेटवर सापडलेलं, सगळं डिक्शनरी घेऊन वाचलं. (मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या बाईला खेळाच्या पानांचं इंग्रजी झेपता झेपत नाही. तिथे सगळे एकमेकांना 'चिरडतात', 'पुरतात', 'जाळतात'. चेंडूचा खेळ आहे की महाभारत!)

वॉल्ट हॅझर्ड १९४२ सालचा. वाढला फिलाडेल्फियात. ज्या ओव्हरब्रूक हायस्कूलमधून विल्ट चेंबरलेन बाहेर पडला त्याच शाळेतला. तिथून कॅलिफोर्नियात आला तो आधी कुठे शिकला? सँटा मोनिकाच्या दोन वर्षांच्या कॉलेजात. हो, ज्युनियर कॉलेजात! मग यू.सी.एल.ए. मध्ये, जॉन वुडन यांच्या हाताखाली. १९६४ साली या संघाने तीसपैकी तीस सामने जिंकले. अंतिम सामन्यात ड्यूकला ९८-८३ असं हरवलं आणि वुडन यांना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. यू.सी.एल.ए. मधला तो त्यांचा सोळावा हंगाम होता. सोळा हंगाम! आपल्याकडे मुलाला सहामाहीत साठ टक्के पडले तर क्लास बदलतात.

त्या संघात सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांत साडेसहा फुटांचासुद्धा कोणी नव्हता. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला हॅझर्ड. आणि भाच्या, आता जरा लक्ष दे. त्या पाचांतला जॅक हर्श आला होता लॉस एंजेलिस व्हॅली कॉलेजातून आणि कीथ एरिक्सन आला होता एल कमिनो कॉलेजातून. दोन्ही ज्युनियर कॉलेजं. हॅझर्ड धरला तर पाचांतले तीन त्या 'कुठेच मिळत नाही' वाल्या दारातून आत आलेले. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात गाजलेल्या घराण्याची पहिली पणती ज्यांनी लावली ते हे लोक.

पुढचं भराभर सांगते, कारण ते कुठेही वाचायला मिळेल. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. मग लेकर्स, सिॲटल, अटलांटा, बफेलो, गोल्डन स्टेट आणि पुन्हा सिॲटल, असे दहा हंगाम एन.बी.ए. मध्ये. सिॲटलच्या पहिल्याच हंगामात सामन्याला सरासरी चोवीसच्या आसपास गुण. १९७४ ला खेळणं संपलं. वय बत्तीस. आपल्याकडे या वयात शिक्षणसेवकाचा कायम शिक्षक होतो.

दरम्यान या माणसाने इस्लाम स्वीकारला होता आणि महदी अब्दुल रहमान असं नाव घेतलं होतं. त्या नावामुळे कामाची दारं बंद होतात असं पुढे त्याला वाटलं, आणि व्यवहारात तो पुन्हा वॉल्ट हॅझर्ड हे जुनं नाव लावू लागला. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. ऑलिंपिकचं सोनं घरात आहे, दहा वर्षं मोठ्या मैदानात काढली आहेत, आणि नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. घर भाड्याने शोधताना आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. असो, तो विषय स्वतंत्र आहे.

तर १९८० साली हा माणूस कोच झाला. कुठे? कॉम्प्टन कॉलेज. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कॉम्प्टन नावाचं गाव आहे. १९६५ साली शेजारच्या वॉट्समध्ये दंगल झाली, त्यानंतर उरलीसुरली गोरी कुटुंबंही निघून गेली आणि दुकानं बंद पडत गेली. १९७८ साली राज्यात घरपट्टीवर मर्यादा घालणारा कायदा मतदानाने मंजूर झाला. ही कॉलेजं त्याच घरपट्टीवर चालत होती, तेव्हा त्यांच्या हातातला पैसाही गेला. अशा गावात, अशा काळात, अशा कॉलेजात दोन हंगाम. सामने बासष्ट. जिंकले ५३, हरले ९.

त्याच्याबद्दल मी जे जे वाचलं त्यात या दोन वर्षांना एक ओळ आहे. कुठे अर्धी. "कॉम्प्टन आणि चॅपमन इथे प्रशिक्षक राहिल्यानंतर १९८४ साली तो यू.सी.एल.ए. चा प्रशिक्षक झाला." संपलं! मग पुढे यू.सी.एल.ए. वर पानंच्या पानं. जिन्याच्या खालच्या पायऱ्या जशा कोणी मोजत नाही तसं. माझं भांडण खरं म्हणजे भाच्याशी नाही, या एका ओळीशी आहे. भाचा जे बोलला तेच हे लिहिणारे न बोलता करतात.

त्या एका ओळीत काय काय बसवलंय ते सांगते. मी बास्केटबॉल शिकवलेला नाही. पण आमच्या शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ मी सात वर्षं तालुक्याला नेला आहे. पी.टी. चे सर मुलांचा संघ घेऊन जायचे आणि मुलींबरोबर बाई हवी म्हणून मला नेमलं होतं, एवढीच माझी पात्रता. पण एक गोष्ट कळली ती जन्मभर पुरली. शाळेत मुलगी तयार होते आणि निघून जाते. आठवीत येते तेव्हा खुंटाला वळताना पडते, नववीत वळायला शिकते, दहावीत उभी राहून पाहावं अशी खेळते, आणि जूनमध्ये दुसरी पडणारी मुलगी समोर उभी असते. ज्युनियर कॉलेजच्या कोचकडे तर पुरी दोनच वर्षं असतात. पहिलं वर्ष ओळख होण्यात जातं, आणि दुसऱ्याच्या शेवटी चांगली पोरं मोठ्या युनिव्हर्सिटीत. दरसाल निम्मा संघ रिकामा. त्यातून कॅलिफोर्नियाच्या या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा नियमच आहे. म्हणजे पैसे देऊन पोरगा आणता येत नाही. जो बसने आला तो आपला. कुणी रात्री काम करतो, कुणाची इंग्रजीची परीक्षा राहिली आहे, कुणाला मोठ्या कॉलेजने बघून परत पाठवलंय. अशा पोरांना घेऊन ५३ आणि ९. आणि हे 'नंतर' या शब्दाच्या आधी उरकून टाकायचं?

माझा एक जावई खेळातला जाणकार आहे. तो म्हणाला, "आई, दुसरीकडे काही मिळालं नाही म्हणून गेला असेल ना तिथे. त्यात थोरपणा कसला?" रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर असं की मी त्याला थोर म्हणतच नाही. मी स्वतः शिक्षिका झाले ती काही समाजसेवेच्या ओढीने नाही. बी. ए. झाले, बँकेची परीक्षा दिली, नापास झाले, आणि मामांच्या ओळखीच्या संस्थेत जागा निघाली. पहिल्या वर्षी रोज घरी येऊन रडायचे. माणूस कोणत्या दाराने आत आला हे बघून त्याचं काम मोजायचं असेल तर आपल्यातले किती जण उरतील? आत आल्यावर त्याने काय केलं ते बघा. हॅझर्ड नाइलाजाने गेला असेल तर मी तर म्हणेन, नाइलाजाने जाऊनसुद्धा बासष्टातले त्रेपन्न.

जावयाचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा होता, की मोठा खेळाडू मोठा शिक्षक असतोच असं नाही. अगदी मान्य! उलट हाच माझा मुद्दा आहे. मॅजिक जॉन्सन. त्याच्याइतका मोठा खेळाडू शोधून सापडायचा नाही. १९९४ साली लेकर्सनी हंगाम संपत आला असताना त्याला एकदम मुख्य कोच करून टाकलं, आधीचा काही अनुभव नसताना. सोळा सामने झाले, पाच जिंकले, अकरा हरले, आणि त्याने हात जोडले. यात त्याचा अपमान नाही. खेळता येणं वेगळं आणि खेळायला शिकवता येणं वेगळं, आणि दुसरी गोष्ट कुठेतरी बसून शिकावी लागते. आपण डी. एड., बी. एड. ला मुलांसमोर पाठ घेतो तशी. हॅझर्डने ते पाठ कॉम्प्टनला घेतले. तिथून चॅपमन कॉलेजात दोन वर्षं, ४४ विजय, १४ पराभव. आणि मग मोठ्या घराचं दार.

त्या मोठ्या घराची गोष्ट मला वाईट वाटून वाचावी लागली. वुडन १९७५ साली निवृत्त झाले तेव्हा शेवटच्या बारा वर्षांत दहा विजेतेपदं होती. त्यांच्यानंतर नऊ वर्षांत चार कोच आले आणि गेले. पाचवा हॅझर्ड. पहिल्याच वर्षी, १९८५ ला, त्याच्या संघाने इंडियानाला हरवून एन.आय.टी. नावाची स्पर्धा जिंकली. रेजी मिलर त्याच संघातला. १९८७ साली पॅसिफिक-१० या गटाचं विजेतेपद आणि गटाची स्पर्धा, दोन्ही. पुढच्या वर्षी १६ जिंकले, १४ हरले, आणि हॅझर्डला काढलं. चार वर्षांचा हिशेब ७७ विजय, ४७ पराभव. दुसऱ्या कोणत्याही गावात या माणसाला हार घातले असते. पण भिंतीवर दहा विजेतेपदं टांगलेली होती ना! ज्या शाळेत एकदा बोर्डात पहिला आला त्या शाळेत पुढची वीस वर्षं दुसऱ्या-तिसऱ्याचं कौतुक होत नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता गंमत बघा. ज्या वुडन यांच्या मापाने हॅझर्डला मोजलं ते वुडन स्वतः कोण? अकरा वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणारे मास्तर! केंटकीतल्या डेटनला दोन वर्षं आणि इंडियानातल्या साउथ बेंडला नऊ. आणि त्याच काळात ते व्यावसायिक बास्केटबॉलही खेळत होते. म्हणजे शनिवार-रविवारी पैसे घेऊन खेळायचं आणि सोमवारी वर्गात व्याकरण. लागोपाठ १३४ फ्री थ्रो बास्केटात टाकण्याचा पराक्रम त्याच काळातला. नंतर एवढं नाव झालं तरी ते स्वतःला शिक्षकच म्हणवत. दरसाल पहिल्या दिवशी खेळाडूंना काय शिकवत, तर पायमोजे कसे घालायचे! सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. हे वाचलं आणि मला आमच्या पहिलीच्या बाई आठवल्या. त्या पाटी कशी धरायची ते आठवडाभर शिकवत.

तेव्हा "प्रोफेशनल खेळून शेवटी मास्तरकीच ना" या वाक्यातलं 'शेवटी' कुठून आलं, ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

मला माहीत आहे कुठून आलं ते. आमच्या स्टाफरूममधून आलं. मी तिथे तेहतीस वर्षं बसले आहे, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. आमच्याकडे जे पी.टी. चे सर होते ते तरुणपणी कबड्डीत राज्यापर्यंत खेळलेले. छाती अशी, आवाज असा. आणि शाळेने त्यांना काय काम दिलं? घंटा. घंटा वाजवणाऱ्या शिपायावर लक्ष. गैरहजर शिक्षकांचे तास. पंधरा ऑगस्टचं संचलन. लाऊडस्पीकरवाल्याला निरोप. जानेवारी लागला की पी.टी. चा तास गणिताला आणि इंग्रजीला वाटून टाकायचा, आणि सरांनी मैदानावर एकट्यानेच फक्की मारत बसायचं. त्या तासांतला एक तास मीही इतिहासाचा भाग पुरा करायला घेतला आहे, दोन-तीनदा. लपवत नाही. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "घ्या बाई. पोरं बसून बसून आंबतील, पण घ्या." वार्षिक अंकात सगळ्या शिक्षकांच्या नावापुढे विषय छापला होता. यांच्या नावापुढे जागा कोरी. मुद्रणदोष असेल. तीन वर्षं राहिला.

त्यांच्या हाताखालची पोरं पोलिसात गेली, सैन्यात गेली. त्यांतला एक मला मागच्या वर्षी बाजारात भेटला. पाया पडला आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, सर कुठे असतात हो?" माझा इतिहास कसा होता ते त्याने विचारलं नाही. जरा लागलं. पण बरोबर होतं ते.

याला मी अन्याय म्हणते. खेळाडू असताना आपण त्याला खांद्यावर घेतो. तोच खेळाडू आपल्या पोरांना शिकवायला उभा राहिला की "बिचारा". मग ज्याच्या अंगात काही आहे तो कशाला येईल शिकवायला? तो टीव्हीवर बसून शेरे मारेल, रिबिनी कापेल. आणि मग आपणच विचारणार, आपल्याकडे चांगले खेळाडू का तयार होत नाहीत हो?

एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर भाचा फोन करेलच. या दोन वर्षांच्या कॉलेजांतून पुष्कळ मुलं पुढे जात नाहीत, मधेच सुटतात. आणि खुद्द कॉम्प्टन कॉलेजची पुढे दशा झाली. कारभार इतका बिघडला की २००६ साली त्याची मान्यताच गेली, आणि बंद पडू नये म्हणून शेजारच्या एल कमिनो कॉलेजने ते आपल्या छत्राखाली घेतलं. (हेच ते कीथ एरिक्सनचं कॉलेज.) २०१७ साली मान्यता परत मिळाली, २०१९ पासून पुन्हा स्वतंत्र. दार उघडं ठेवणं सोपं नाही, घरात धूळ येते. पण म्हणून दार लावून घ्या असं म्हणणाऱ्यांपैकी कितींची मुलं त्या दाराबाहेर उभी असतात?

हॅझर्डला १९९६ साली पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी यू.सी.एल.ए. ने त्याचा ४२ नंबर निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कोणी घालायचा नाही. २००७ साली केव्हिन लव्ह नावाचा एक नवा मुलगा तिथे आला. त्याला हाच नंबर हवा होता. हॅझर्डने घाल म्हणून परवानगी दिली. मला हे फार आवडलं. ज्याला काढून टाकलं होतं त्या घरात आलेल्या नव्या पोराला स्वतःच्या अंगावरचा सदरा दिल्यासारखं. २०११ च्या नोव्हेंबरात हॅझर्ड गेला, एकोणसत्तराव्या वर्षी. पुढे २०१४ साली यू.सी.एल.ए. ने सगळ्याच खेळांतून ४२ नंबर कायमचा काढून घेतला, तो जॅकी रॉबिन्सन याच्या सन्मानार्थ. बेसबॉलमधला रंगभेद मोडून डॉजर्समध्ये खेळलेला पहिला काळा खेळाडू, त्याचा तिथला नंबर ४२ होता. आणि रॉबिन्सन यू.सी.एल.ए. ला जायच्या आधी कुठे शिकला, सांग बघू भाच्या?

पॅसाडेना ज्युनियर कॉलेज.

हे सगळं मी नातवाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, यू नो मोअर दॅन मी." मग म्हणाला की कोचनी सगळ्यांना उन्हाळ्याचा गृहपाठ दिलाय. रोज डाव्या हाताने दोनशे वेळा चेंडू भिंतीवर. शेजारच्या बाई तक्रार करतात, म्हणून तो गॅरेजच्या मागच्या भिंतीवर मारतो. मी विचारलं, कोच कसे आहेत रे? म्हणाला, "स्ट्रिक्ट. माझं नाव पहिल्याच दिवशी नीट म्हटलं." शाळेतली चार वर्षं तिथे कोणाला त्याचं नाव नीट म्हणता आलं नव्हतं.

त्याचा पहिला सामना नोव्हेंबरात आहे. तिकडे संध्याकाळचे सात, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ. मुलगा फोनवरून दाखवणार आहे. भाच्या, तूही ये. पोहे करीन. पण पुन्हा 'शेवटी' म्हणालास तर चहा बिनसाखरेचा मिळेल.